फारामिरचं असं का केलं? ('टू टॉवर्स' बघून आत्ताच उठले)

सायंतारा

स्पॉयलर आहेत, पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.

रात्रीचा दीड वाजलाय, सकाळी लोकल पकडायचीये, तरी झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. आत्ताच 'द टू टॉवर्स' संपवला. हो, २००२ चा पिक्चर मी आत्ता पहिल्यांदा बघतेय, कारण ठरवलंच होतं की आधी टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' अख्खं वाचायचं आणि मगच पिक्चरला हात लावायचा. वाचायला सात महिने लागले. कल्याण ते दादर, जाताना उभ्याने आणि येताना जागा मिळाली तर बसून, डब्याच्या पिशवीतच पुस्तक असायचं त्यामुळे मधली वीसेक पानं तेलकट झालीयेत आणि नेमकी ती फारामिरची पानं आहेत.

पहिला भाग गेल्या शनिवारी बघितला आणि मनापासून आवडला. हॉबिटांचं शायर डोळ्यांपुढे होतं अगदी तसं, मोरिया तर मी कल्पना केली होती त्याहून मोठं. टॉम बॉम्बाडिल गाळलाय त्याचंही फार वाईट वाटलं नाही. बोरोमिर मरतो तिथे मी हुंदके देऊन रडले, शॉन बीनने काय काम केलंय! मग साहजिकच दुसऱ्या भागात त्याच्या धाकट्या भावाची, फारामिरची, वाट बघत बसले होते, कारण सगळ्या पुस्तकात मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस तो आहे.

पुस्तकातला तो प्रसंग आठवा. दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेले फ्रोडो आणि सॅम हे दोन बुटके हॉबिट इथिलियनच्या रानात त्याच्या हाती लागतात, तो त्यांना डोळे बांधून धबधब्यामागच्या गुहेत नेतो. मावळतीचं ऊन पाण्याच्या पडद्यातून आत येतंय. जेवणाआधी सगळे सैनिक उठतात आणि पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभे राहतात. मला तिथे एकदम आमच्या घरचं 'वदनी कवळ घेता' आठवलं, आजी ते म्हटल्याशिवाय ताटाला हात लावू द्यायची नाही. मग जेवण. पाव, लोणी, खारवलेलं मांस, सुकी फळं, लाल चीज, आणि कितीतरी दिवसांनी धुतलेले हात आणि स्वच्छ ताटं. पोट भरल्यावर सॅमची जीभ सैल सुटते आणि बोलता बोलता अंगठीचं त्याच्या तोंडून निघून जातं. ते पान वाचताना डोंबिवली कधी गेलं मला कळलं नाही, छातीत नुसतं धडधडत होतं. गुहेत सगळे गप्प झालेत, हे दोघं भिंतीला पाठ लावून तलवारी चाचपतायत, फारामिर उठून उभा राहिलाय, उंच, कठोर... आणि तो परत खुर्चीत बसतो आणि हळूच हसायला लागतो.

कारण त्याआधीच तो बोलून गेलेला असतो की ती वस्तू, काय असेल ती, मला रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. तेव्हा ती वस्तू काय आहे हे त्याला माहीतही नसतं. आणि आता कळल्यावर तो म्हणतो, न कळता बोललो असेन पण तो माझा शब्द होता, मी त्याला बांधलेला आहे. मग फ्रोडोला भोवळ येते तर त्याला सावरून उचलतो, नेऊन निजवतो आणि पांघरूण घालतो.

आणि पिक्चरमध्ये? तलवारीच्या टोकाने फ्रोडोच्या गळ्यातली साखळी उचलून अंगठी निरखतोय. त्याची माणसं त्या दोघांच्या वाटाड्याला, गॉलमला, बडवतायत. आणि मग दोघांना कैदी करून ऑस्गिलियाथ शहरात नेतो, बापाकडे अंगठी पाठवायला! पुस्तकात फ्रोडो ऑस्गिलियाथला जातच नाही. शेवटी सोडतो त्यांना, हो, पण तोवर मी इतकी दुखावले होते की तो सोडतो तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

डेव्हिड वेनहॅमबद्दल तक्रार नाही, चेहरा तर मनातल्यासारखाच आहे, त्यामुळे तर जास्त त्रास झाला. मला खरंच कळून घ्यायचंय, असं का केलं असेल? आणि एक्स्टेंडेड एडिशनमध्ये, म्हणजे पिक्चरच्या त्या लांब आवृत्तीत, हे सुधारलंय का? की पुस्तक आधी वाचलं ही माझीच चूक झाली?

रानपाखरू

चूक अजिबात नाही, असं वाटून घेऊ नकोस. तुझ्यासारखीच माझी अवस्था झाली होती, फक्त थेटरात. कॉलेजला होतो, पुस्तक होस्टेलमधल्या एका सिनियरकडून घेऊन वाचलेलं, चौघांना जबरदस्तीने पिक्चरला नेलं होतं आणि 'बघा आता फारामिर येईल' असं इंटरव्हलमध्ये सांगितलं होतं. बाहेर पडल्यावर त्यातला एक म्हणाला, हाच का तुझा तो चांगला माणूस? मला उत्तरच देता येईना.

पण नंतर मी हे पिक्चर इतक्यांदा बघितलेत आणि डीव्हीडीवरच्या त्या लांबलचक मुलाखती पण बघितल्यात, त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शेलॉबची, म्हणजे त्या महाकाय कोळिणीची. पुस्तकात 'टू टॉवर्स' संपतो तेव्हा शेलॉबचं सगळं होऊन गेलेलं असतं, फ्रोडोला शत्रूचे ऑर्क सैनिक उचलून नेतात आणि सॅम दाराबाहेर राहतो. पिक्चरमध्ये ते सगळं तिसऱ्या भागात ढकललंय. आणि ते उगाच नाही ढकललं, शेवटच्या परिशिष्टात टॉल्किनने तारखा दिल्यात त्या बघ. हेल्म्स डीपच्या मोठ्या लढाईची रात्र ३ मार्चची, फारामिर भेटतो ७ मार्चला, आणि शेलॉब थेट १२-१३ मार्च, म्हणजे तिकडे फारामिरच्या शहराला, मिनास तिरिथला, वेढा पडायची वेळ. पुस्तकात टॉल्किनने दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्यात, आधी अर्धं पुस्तक ॲरागॉर्नचं आणि मग अर्धं फ्रोडोचं, त्यामुळे तारखा मागेपुढे झाल्या तरी चालतं. पिक्चरमध्ये एक सीन इकडचा एक सीन तिकडचा असं दाखवायचं म्हटल्यावर तारखा जुळवाव्याच लागतात. मग शेलॉब गेली की दुसऱ्या भागात फ्रोडो-सॅमच्या वाटेला शेवटी उरतं काय? गुहेतलं जेवण आणि निरोप. तिकडे हजारोंची लढाई चाललीये आणि इकडे चीज खातायत, असं पिक्चर संपवता येत नाही गं. म्हणून ऑस्गिलियाथ आणलं.

दुसरी गोष्ट अंगठीची. पटकथा लिहिणाऱ्यांचं, म्हणजे दिग्दर्शक जॅक्सन आणि त्या दोघी फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स, त्यांचं म्हणणं असं की पहिला अख्खा भाग आपण लोकांना सांगत आलो की ही अंगठी भल्याभल्यांना खाते, जादूगार गँडाल्फसुद्धा हात लावायला घाबरतो, बोरोमिरसारखा वीर तिच्यापायी वेडा होतो, आणि आता एक माणूस येऊन म्हणाला की मला नको, तर अंगठीचा दराराच संपतो. मला हे पूर्ण पटतं असं नाही पण अगदीच खोटं पण वाटत नाही.

सायंतारा

शेलॉबचं पटलं. तारखांचं परिशिष्ट मी वाचलंच नव्हतं, आत्ता उघडून बघितलं, बरोबर आहे तुमचं.

पण दुसरं नाही पटलं दादा, आणि का ते सांगते. पहिल्या भागाच्या शेवटी ॲरागॉर्नसमोर फ्रोडो अंगठी तळहातावर धरतो आणि ॲरागॉर्न गुडघ्यावर बसून त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटतो. तो सीन पुस्तकात नाहीये, तो यांनीच घातलाय, आणि सुंदर घातलाय. तिथे अंगठीचा दरारा संपला का? उलट वाढला. मग एक माणूस नाही म्हणू शकतो हे यांना दाखवता येत होतं की.

आणि मुख्य म्हणजे पुस्तकातल्या फारामिरला अंगठीचं काहीच वाटत नाही हे मुळात चुकीचं वाचन आहे असं मला वाटतं. काल रात्री तुमची पोस्ट वाचून ती तेलकट पानं परत काढली. तो फ्रोडोला सांगतो की मला ती बघायची नाही, हात लावायचा नाही, तिच्याबद्दल आत्ता माहिती आहे त्यापेक्षा जास्त काही ऐकायचंही नाही, कारण मोह आडवा आला तर मी कदाचित तुझ्याइतका टिकणार नाही. काही संकटं अशी असतात की त्यांच्यापासून माणसाने पळच काढावा, आणि तेवढं कळण्याइतका मी शहाणा आहे, असं म्हणतो. म्हणजे घाबरलाय तो! स्वतःला घाबरलाय. अख्ख्या पुस्तकात तो अंगठी एकदाही बघत नाही, तिच्यापासून हातभर अंतरावर बसून जेवलाय आणि बघायला मागत नाही. माझा एक काका दारू सुटल्यावर लग्नाच्या जेवणावळीला गेला की ज्या बाजूला ती मंडळी बसलेली असायची तिकडे पाठ करून बसायचा, कोणी म्हणालं की नुसता बस की सोबत, तरी नाही. त्याला कोणी कमजोर म्हणत नव्हतं आणि दारूत दम नाही असंही कोणी म्हणत नव्हतं. अंगठीचा दरारा दाखवायला याहून चांगला माणूस कुठून आणणार होते?

आणि सॉरॉनच्या त्या नाझगुलचं काय? ऑस्गिलियाथला फ्रोडो भिंतीवर चढून उडत्या नाझगुलच्या तोंडासमोर अंगठी धरून उभा राहतो. सगळा बेत टिकलाय तो सॉरॉनला अंगठी कुठे आहे हे कळत नाही यावर. आता त्याच्या सगळ्यात खास नोकराने तोंडासमोर बघितली, तरी पुढे काही नाही? हे तर पिक्चरच्या स्वतःच्या हिशोबातही बसत नाही.

रानपाखरू

नाझगुलच्या सीनला माझ्याकडे उत्तर नाही. वीस वर्षं शोधतोय.

काकांचं उदाहरण वाचून मी ते प्रकरण परत वाचायला घेतलंय. 'बघायची पण नाही' हे वाक्य माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, आणि मी पुस्तक तीनदा वाचलंय.

धाकटी_पाती

मी सहसा लिहीत नाही इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी उलट्या बाजूने आलोय. पिक्चर आधी बघितले, घरी केबलवर, हिंदीत डब केलेले, नववीत असेन, आणि पुस्तक पंचविशीत वाचलं. त्यामुळे माझा फारामिर हा पिक्चरचाच फारामिर आहे आणि तो मला फार जवळचा आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो.

सायंतारा, तू विचारलंस ना एक्स्टेंडेडमध्ये काय आहे, त्यात ऑस्गिलियाथचा एक जुना प्रसंग आहे, तो थेटरातल्या पिक्चरमध्ये नाही. बोरोमिरने शहर परत जिंकलंय, सगळे जल्लोष करतायत, दोघं भाऊ हसतायत, एकमेकांना मिठ्या मारतायत, आणि तेवढ्यात त्यांचा बाप डेनेथोर येतो. बापाने बोरोमिरला जवळ घेतलं, आणि फारामिरकडे बघितलं पण नाही धड, वर म्हणाला की शहर हातचं गेलं ते याच्यामुळेच. बोरोमिर चिडतो, भावाची बाजू घेतो. मग बाप बोरोमिरला सांगतो की रिव्हेंडेलला जा आणि ती अंगठी मला आणून दे. फारामिर पुढे होऊन म्हणतो, मी जातो. आणि बाप त्याला जे बोलतो ना, की फारामिरला आपली लायकी दाखवायची संधी हवीये वाटतं, तेच वाक्य तो नंतर अंगठी समोर आल्यावर स्वतः म्हणतो. थेटरातलं पिक्चर बघितलं तर ते वाक्य लोभाचं वाटतं. हा सीन बघितल्यावर कळतं की ते त्याच्या बापाचे शब्द आहेत, पोराच्या डोक्यात रुतून बसलेले.

आमचं गावात खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मोठा भाऊ इंजिनिअर, पुण्याला. कोणी पाहुणा दुकानात आला की पप्पा सांगायचे, मोठा इंजिनिअर आहे, कंपनीत अमुक आहे, तमुक पगार आहे, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणायचे, आणि हा धाकटा. तेवढंच. वाक्य तिथेच संपायचं. मी दहा वर्षं दुकान सांभाळलंय, पप्पांच्या बायपासनंतर तर एकट्याने, आणि माझं भावाशी कधी वाकडं नव्हतं, तोच माझ्या बाजूने भांडायचा, अगदी बोरोमिरसारखा. म्हणून तो फारामिर अंगठीला भुलला असं मला कधी वाटलंच नाही. त्याला अंगठी नको होती. त्याला बापाने एकदा 'हा माझा फारामिर' म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी तो चुकीचं काम करायला निघाला होता. आणि तरी शेवटी सोडतो. कायद्याने मरणाची शिक्षा आहे हे माहीत असून सोडतो. मला तो सीन बघताना अजून काटा येतो अंगावर.

तिसऱ्या भागात बाप त्याला जिंकता न येणाऱ्या लढाईला पाठवतो. तो विचारतो, तुम्हाला असं वाटतं का की बोरोमिरच्या जागी मी मेलो असतो तर बरं झालं असतं? आणि बाप हो म्हणतो. हा संवाद पुस्तकातलाच आहे, वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं अर्धा तास. पण पिक्चरमध्ये त्यानंतर जे आहे ते पुस्तकात नाही. इकडे घोडेस्वार मरायला निघालेत, आणि तिकडे डेनेथोर जेवतोय, चेरी टोमॅटो दाताखाली फोडतोय, रस हनुवटीवरून ओघळतोय, आणि पिपिन नावाच्या हॉबिटला सांगतो गाणं म्हण. ते गाणं बिली बॉयडने स्वतः म्हटलंय आणि चाल पण त्याचीच आहे. तो सीन बघितल्याशिवाय फारामिरवर शेवटचा निकाल देऊ नकोस, एवढीच विनंती.

सायंतारा

धाकटी_पाती, तुमची पोस्ट ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ. या बाजूने मी बघितलंच नव्हतं. एक्स्टेंडेड मिळवते आणि तो सीन बघून लिहिते.

दिवेलागण

किती छान चर्चा चाललीये, मलाही थोडं घालू द्या.

टॉल्किनच्या पत्रांचं पुस्तक आहे, त्यात फारामिरबद्दल एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. १९४४ चा मे महिना, महायुद्ध चालू, त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर विमानदलाच्या ट्रेनिंगसाठी दक्षिण आफ्रिकेत आहे आणि टॉल्किन लिहून झालेला एकेक भाग त्याला पाठवतायत. एका पत्रात ते लिहितात की गोष्टीत एक नवीन माणूस आलाय, मी काही त्याला घडवला नाही, मला तो नको पण होता, पण इथिलियनच्या रानातून चालत आला तो आला, आणि मला तो आवडतोय. बोरोमिरचा भाऊ. म्हणजे आधी ठरवून, अंगठीला नाही म्हणणारा एक पाहिजे म्हणून बसवलेलं पात्र नाहीये ते. आणि पुढे दुसऱ्या एका पत्रात त्यांनी म्हटलंय की माझ्या पात्रांत माझ्यासारखा कोणी असेल तर तो फारामिर.

हे कळल्यावर तलवारीबद्दलचं त्याचं बोलणं मला वेगळं ऐकू यायला लागलं. तलवारीच्या धारेवर माझं प्रेम नाही, बाणाच्या वेगावर नाही, वीराच्या कीर्तीवर नाही, ते ज्याचं रक्षण करतात त्यावर आहे, असं तो म्हणतो. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते, शाळेपासूनच्या चौघा जिवलग मित्रांतले दोन त्या युद्धात गेले. हा माणूस लढाईचं कौतुक कुठवर करायचं ते जाणून होता.

आता पिक्चरचं. मला राग आहे पण एका बाबतीत मी जॅक्सनला मानते. पुस्तकात इथिलियनमध्ये दक्षिणेकडचा एक शत्रूसैनिक मरून सॅमच्या पायाशी पडतो आणि सॅमच्या मनात येतं की याचं नाव काय असेल, हा कुठून आला, हा खरंच दुष्ट होता का, की खोटं सांगून घरापासून इतक्या लांब आणला याला. एक्स्टेंडेडमध्ये हा विचार फारामिरच्या तोंडी दिलाय, मेलेल्या माणसाकडे बघत तो बोलतो. सॅमचं घेतलं याचं वाईट वाटतं, पण तो विचार फारामिरला शोभतो हे मान्य करावंच लागेल.

आणि उलटं पण झालंय. फारामिरला एक स्वप्न पडत असतं, हिरव्यागार रानांवरून, टेकड्यांवरून चढत येणारी काळी प्रचंड लाट. ते स्वप्न टॉल्किनना स्वतःला लहानपणापासून पडायचं, आणि त्यांनी मुद्दाम फारामिरला दिलं. पिक्चरमध्ये ते स्वप्न रोहनच्या राजाच्या भाचीला, एओविनला दिलंय, तिसऱ्या भागाच्या एक्स्टेंडेडमध्ये ती ॲरागॉर्नला सांगते. लेखकाने आपलं स्वतःचं स्वप्न ज्याला दिलं त्याच्याकडून ते काढून घेणं, याचं मला गुहेतल्या प्रसंगापेक्षाही जास्त वाईट वाटतं. गुहेचं कारण तरी रानपाखरूंनी सांगितलं तसं समजू शकते.

नवखा_वाचक

मी पुस्तक वाचलं नाही पण आता वाचावंसं वाटतंय. इंग्रजी अवघड आहे का? मराठीत मिळतं का?

दिवेलागण

मराठीत आहे, 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने. इंग्रजीत घेतलंत तर पहिली शंभरेक पानं दम धरा, शायरमधून बाहेर पडेपर्यंत संथ आहे, पण ती घाईने वाचू नका कारण शेवटी त्या शायरसाठीच सगळं चाललेलं असतं. आणि शेवटची परिशिष्टं सोडू नका.

माळरान

स्वप्नाचा विषय निघालाच आहे तर मला एओविनबद्दल बोलायचंय, कारण फारामिर म्हटलं की मला आधी तो तट आठवतो.

लढाईनंतर दोघंही जखमी होऊन मिनास तिरिथच्या उपचारगृहात आहेत. सगळं सैन्य सॉरॉनच्या मोर्डोरच्या दाराकडे गेलंय, मागे उरलेत ते नुसते वाट बघणारे. एओविनला बरं व्हायचंच नाहीये, तिला लढाईत मरायचं होतं आणि ती मेली नाही. फारामिर तिला समजावत बसत नाही, उपदेश तर अजिबात नाही. रोज तटावर तिच्याबरोबर चालतो. थंडी वाजते तेव्हा तिला आईचा झगा आणून देतो, गडद निळा, उन्हाळ्यातल्या रात्रीच्या रंगाचा, काठाला चांदीच्या चांदण्या. त्याची आई तो लहान असताना गेलेली. आणि तिथे तटावर उभं असताना, तिकडे अंगठी आगीत पडते त्या क्षणी, यांना अजून काही कळलेलं नाही, सगळं एकदम थांबल्यासारखं होतं आणि तेव्हा तो तिला त्या लाटेच्या स्वप्नाबद्दल सांगतो. ते दिवेलागण यांनी सांगितलेलं स्वप्न हेच. ते तिकडून उचलून दुसरीकडे लावलं की हा प्रसंग आतून पोकळ होतो.

थेटरातल्या तिसऱ्या भागात याचं काय उरलंय? राज्याभिषेकाला दोघं शेजारी उभे दिसतात, बस. ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याला कळणारही नाही की ते एकमेकांचे कोण. एक्स्टेंडेडमध्ये एक छोटा सीन आहे पण मिनिटभराचा. मला गुहेतला बदल चालला असता, खरंच चालला असता, जर शेवटी हे दोन-चार मिनिटं नीट दाखवलं असतं. बापाने नाकारलेला मुलगा आणि मरायला निघालेली मुलगी एकमेकांना सावरतात, हे दाखवायला हत्ती लागत नाहीत की हजारोंची फौज लागत नाही, एक भिंत लागते आणि वारा.

रानपाखरू

माळरान, या प्रसंगाबद्दल मी बाजू मांडणार नाही, तुमचंच बरोबर आहे. अकरा नामांकनं आणि अकरा ऑस्कर मिळालेला पिक्चर आहे तो आणि मी त्यातल्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवल्या, पण तो तट मला पण पाहिजे होता.

गुहेचं प्रकरण वाचून झालं परत. सायंतारा, एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. निरोप घेताना फारामिर दोघांना हातात धरायला काठ्या देतो, त्यांच्या उंचीच्या बेताने आखूड केलेल्या, टोकाला लोखंड लावलेल्या. व्हाइट माउंटन्समधली माणसं वापरतात तसल्या काठ्या होत्या त्या, हॉबिटांच्या मापाच्या करून घेतल्या. कोणीतरी त्यासाठी बसून त्या कापल्या असतील ना. हे पण मी विसरलो होतो.

सायंतारा

काठ्या! हो. मी पण विसरले होते.

काल एक्स्टेंडेड बघितला, पाऊण तास जास्त आहे तो. ऑस्गिलियाथचा जुना प्रसंग दोनदा बघितला. धाकटी_पाती, तुम्ही सांगितलं ते सगळं त्यात आहे. बाप आल्याचं दिसलं की दोघा भावांचे चेहरे कसे बदलतात, बोरोमिर म्हणतो की एक क्षण पण शांतता देणार नाही का हे, आणि फारामिर काहीच बोलत नाही, नुसता हसायचा थांबतो. तिथे मला समजला तो माणूस. ते बापाचं वाक्य परत येतं तेव्हा मी पिक्चर पॉज केला.

मी अजूनही म्हणेन की हा पुस्तकातला फारामिर नाही. पुस्तकातला फारामिर पण बापाचा नावडताच आहे, त्याला पण हे सगळं सोसावं लागलंय, रिव्हेंडेलला जायला सांगणारं ते दुसरं स्वप्न त्याला आधी आणि पुन्हा पुन्हा पडलं होतं आणि जायचं पण त्यालाच होतं, तरी बोरोमिरने ती वाट स्वतःकडे घेतली. आणि एवढं असूनही तो शब्दाला जागतो. ते मला पिक्चरमध्ये बघायचं होतं आणि ते मिळालं नाही, त्याचं दुःख आहे आणि राहील. पण परवा रात्री मी याचा राग राग करत होते, तसं आता होत नाही. थेटरातून तो सीन कापायला नको होता, तो ठेवला असता तर बरेच जण दुखावले नसते.

उद्या रविवार आहे, तिसरा भाग उद्या. धाकटा भाऊ पण बसणार आहे बघायला, तो बारावीला आहे, त्याने काहीच वाचलेलं नाही. त्याला मी आज जेवताना ती गुहेतली तेलकट पानं वाचून दाखवली, मराठीत सांगत सांगत. फारामिर परत खुर्चीत बसतो तिथपर्यंत आले तर हा घास हातात धरून म्हणतो, अगं पुढे काय, घेतो का तो? टोमॅटोचा सीन झाला की लिहिते.